पूजेतला जनरेटर

आमच्या जलविज्ञान विभागात एकच दमदार संगणक आहे आणि तो सगळ्यांचा आहे. सगळ्यांचा म्हणजे अवधूत सरांचा, हे नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं. ज्यांना कळायला वेळ लागतो त्यांची पीएचडी तेवढीच लांबते.

अवधूत सर संगणक कक्षाचे प्रमुख. मशीनवर वेळ हवा असेल तर विभागाच्या संकेतस्थळावर मागणी नोंदवावी, असा नियम कक्षाच्या दारावर लावलेला आहे. मागणी नोंदवून कुणाला वेळ मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वेळ मिळतो तो सरांच्या टेबलाशी उभं राहून. त्यांच्या मेव्हण्याच्या पतसंस्थेचा अहवाल टाइप करून द्यायचा, मुलीच्या शाळेचा प्रकल्प रंगवून द्यायचा, त्यांच्या विनोदाला हसायचं. मी हे सगळं केलं. हसलेसुद्धा. उन्हाळ्यापासून मशीन मागत होते आणि पावसाळा अर्धा उलटला तरी हसतच होते. पालमहून रोज एसटीनं येणाऱ्या, घरी सासूच्या हवाली लेकरू ठेवून आलेल्या बाईला मानापमान परवडत नाहीत.

माझं काम येलदरी धरणाचं. पूर्णेच्या खोऱ्यात कुठं किती पाऊस पडला की धरणात किती पाणी येईल आणि कधी, याचं गणित. मांडणी मी घरी बसून केली होती, पण ते गणित चालवायला हेच मशीन लागत होतं, आणि तेही सलग काही आठवडे. माझ्या लॅपटॉपनं तर पहिल्याच पायरीवर मान टाकली. पीएचडीच्या नोंदणीची मुदत दिवाळीआधी संपत होती. त्याआधी समितीपुढं निकाल ठेवले तर पदवी मिळणार होती, आणि पदवी असली तर पालमच्या कॉलेजात कायमची जागा मिळायची आशा होती. तासावर शिकवायची मजुरी एकदाची सुटली असती. निकाल नसतील तर नोंदणी रद्द. मामला इतका सरळ होता.

भाद्रपद लागता लागता सरांनी मशीन दिलं. देताना अट घातली.

"मधे मधे काई साठवायचं न्हाई, राजेश्रीबाई. डिस्क भरायलीय. शेवटी जे निघंल ते एकदाच घ्या."

"सर, मधेच बंद पडलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"बंद कशाला पडंल? यूपीएस हाय, लाईट गेली तर जनरेटर हाय, मी हाय. तुमी लय घाबरता बुवा."

मी अट मान्य केली. जास्त बोललं की मशीन दुसऱ्याला मिळतं, हेही पहिल्या आठवड्यात कळतं.

काम मात्र छान चाललं. रोज सकाळी आल्या आल्या मी कक्षात डोकवायचे. पडद्यावर आकडे सरकत असायचे, आणि सांगायला लाज वाटते, पण मला पाळण्यात झोपलेल्या लेकराला बघितल्यासारखं वाटायचं. दसऱ्यानंतर दोन-चार दिवसांत ते संपणार होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विभागात यंत्रांची पूजा असते. पूजेशी माझं काही वाकडं नाही. माझ्या माहेरी तिफण, कुळव आणि आईची विळी ओळीनं मांडून हळदकुंकू वाहतात, मीही वाहते. पण विभागाची पूजा म्हणजे माधवराव सरांचा सोहळा. माधवराव सर विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. त्या दिवशी ते रेशमी कुर्ता घालून येतात आणि नदीचा वेग मोजायच्या यंत्रापासून स्वतःच्या मोटारीपर्यंत सगळ्याला हार घालतात. बाई असल्यामुळं रांगोळी माझ्याकडं होती. मागच्या शेडमधल्या जनरेटरपुढंही मीच काढली, चांगली दोन रंगांची.

मशीन बंद करू नका, एवढं मी माधवराव सरांना आधीच सांगून ठेवलं होतं. सर मोठ्या मनानं म्हणाले, "चालू राहू दे की! विद्या चालतीच बरी." मग नारळ फोडून सगळ्यांसमोर माझ्याकडं हात केला. "आपल्या राजेश्रीचं काम झाल्यात जमा आहे. विभागाचा मान आहे हा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला खरोखर बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं.

प्रसाद वाटून झाला, कक्षाला कुलूप लागलं आणि अवधूत सर किल्ली खिशात टाकून गंगाखेडला त्यांच्या गावी गेले. माझी एसटी संध्याकाळची होती, म्हणून मी व्हरांड्यात बसून राहिले. दुपार कलली आणि लाईट गेली.

कुलपाआडून यूपीएसची पी-पी सुरू झाली. म्हणजे बॅटरीवर आलं होतं. आता जनरेटरची घरघर ऐकू येईल म्हणून मी वाट बघितली. आली नाही. मी शेडकडं पळाले. चौकीदार किशनमामा खुर्चीवर बसून साळीच्या लाह्या खात होते. जनरेटरची किल्ली त्यांच्या करगोट्याला असते.

"मामा, जनरेटर लावा ना. लवकर. आत माझं मशीन चालू आहे."

मामांनी जनरेटरकडं बघितलं. त्याच्या धुराड्याला झेंडूचा हार होता, कपाळावर कुंकू होतं. "पूजा केलीय ताई. उद्या सीमोल्लंघन होईस्तोवर हात लावायचा न्हाई."

"मामा, महिन्याभराचं काम जाईल माझं."

"तुमचं खरं हाय. पर मोठ्या सायबानं सोता हार घातलाय. म्या तो काढला आन काई इपरीत झालं तर? माझी नोकरी ठेक्यावरची हाय, ताई. तुमी सायबाला इचारा. ते हो म्हन्ले की लगेच लावतो."

मी माधवराव सरांना फोन लावला. ते कुणाच्या तरी घरी फराळाला होते, मागं ताटांचा आवाज येत होता. "अगं, येईल लाईट. यंत्रालाही एक दिवस विसावा नको का?" म्हणाले आणि हसत हसत फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही. मग अवधूत सरांना लावला. ते म्हणाले, "पूजेतली वस्तू कशी चालू करायची बाई? तुमीच सांगा. तुमी असं करा, मदत कक्षाच्या नंबरवर तक्रार टाका, म्हंजी नोंद राहील."

मी तो नंबर लावला. कुलूपबंद कक्षातला फोन वाजायला लागला.

मी दाराला कपाळ टेकून उभी राहिले. आतून दोन आवाज येत होते, फोनची रिंग आणि यूपीएसची पी-पी. मी फोन बंद केला. मग एकच राहिला. परत शेडकडं जाऊन मामांच्या पाया पडले. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. ते उठून उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण किल्ली काही त्यांनी सोडली नाही. मी दाराशी परत आले तेव्हा आत काहीच वाजत नव्हतं.

लाईट त्यानंतर थोड्याच वेळात आली. व्हरांड्यातला पंखा गरगरायला लागला आणि मामा लांबून ओरडले, "आली बगा ताई!"

दसऱ्यानंतर कक्ष उघडला. मशीन पुन्हा सुरू झालं, छान चालायला लागलं. माझ्या कामाच्या जागी काही नव्हतं. अवधूत सरांनी पडद्याकडं बघितलं आणि माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हा." मी पान घेतलं. त्यांच्या तोंडावर फेकावं असं मनात आलं होतं, तरी घेतलं.

आता एकच वाट होती, मुदतवाढ. त्याला विभागप्रमुखांची शिफारस लागते. मी माधवराव सरांच्या खोलीत गेले. त्यांनाही सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. गरज माणसाला किती खाली वाकवते ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला.

"सर, मुदतवाढीची शिफारस..."

"मुदतवाढ? अगं, मी तर पूजेच्याच दिवशी कळवून टाकलंय. आपल्या विभागात कुणालाच मुदतवाढ नको, तुझं काम पूर्ण झालंय. विद्यापीठात कौतुक झालं आपलं."

"पण सर, काम गेलं. सगळं गेलं."

"आता मी शब्द कसा फिरवू? माझी काही इज्जत आहे का नाही?" त्यांचा चेहरा खरंच दुखावला होता. जणू मीच त्यांचं काही बुडवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, कारण अजून समिती व्हायची होती.

बाहेर अवधूत सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "पहिल्या वर्षी तुमी बारक्या ओढ्यावर केल्याली चाचणी हाय ना? ते आकडे टाका. थोडे इकडचे तिकडं करा. समितीत कोण बगायलंय?"

"सर, त्या आकड्यांवर उद्या कुणी धरणाचे दरवाजे उघडायचं ठरवलं तर? नदीकाठी माणसं राहतात."

"तुमी लय लांबचं बगता," ते म्हणाले. मदत केल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर तसंच होतं.

समितीपुढं मी निकालांच्या जागी कोरं पान ठेवलं आणि सांगितलं, मशीन मधेच बंद पडलं, काम अपूर्ण आहे. माधवराव सर खिडकीबाहेर बघायला लागले. अध्यक्ष बाहेरगावचे, वयस्कर, सज्जन दिसणारे. त्यांनी चष्मा काढला.

"मशीन कुणी बंद केलं?"

"कुणीच नाही, सर. लाईट गेली."

"जनरेटर नाही तुमच्याकडे?"

"आहे."

"नादुरुस्त होता?"

"नाही, सर. चांगला आहे. डिझेलही होतं. किल्लीवालाही तिथंच होता."

"मग लावला का नाही?"

मी माधवराव सरांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "त्याची पूजा झाली होती," मी म्हणाले. "खंडेनवमी होती."

मला वाटलं, आता कुणीतरी चिडेल. निदान कुणीतरी हसेल. अध्यक्षांनी समजुतीनं मान हलवली. त्यांच्या शेजारच्यांनी हलवली. कोपऱ्यात यंत्रांची माहिती द्यायला बसवलेल्या अवधूत सरांनीही हलवली. सगळ्यांना ते पटलं होतं.

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि नोंदणी रद्द करायचा कागद पुढं ओढून त्यांनी पेन उघडलं. "पण बाई, तुम्ही काम जरा आधी सुरू करायला पाहिजे होतं."