चाखल्याशिवाय दोरा नाही

त्या खाद्याच्या गिरणीत एक रीत होती. बाहेरच्या माणसाला ती सांगितली की तो आधी हसायचा आणि मग नाक मुरडायचा. तळ्यातल्या माशांचं आणि कोळंबीचं खाद्य तयार झालं की गोणीचं तोंड शिवण्याआधी घरातल्या कुणीतरी त्यातला एक दाणा तोंडात टाकायचा, चावायचा आणि गिळायचा. हो, गिळायचा! थुंकायची मुभा नाही. वडिलांनी गिरणी सुरू केली तेव्हाच ठरवलं होतं: जे आपल्या तोंडात घालायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या तळ्यात घालायचं नाही. वडील गेले आणि चाखण्याचा मान आईकडे आला. गोण्या शिवायच्या पिवळ्या दोऱ्याचं रीळही तिच्याकडेच आलं. ते तिच्या कमरेच्या पिशवीत असायचं. दाणा पोटात गेला की रीळ बाहेर यायचं, त्याआधी नाही. तळेवाले बाजारातून पिवळा दोरा बघूनच गोणी उचलायचे. वर लावलेली चिठ्ठी कुणी वाचतही नसे.

आता दाणा चावून काय कळतं, असं कुणालाही वाटेल. पुष्कळ कळतं. मासळीचं तेल खवट झालंय का, मीठ जास्त पडलंय का, पीठ नीट शिजलंय का. कच्च्या पिठाचा दाणा पाण्यात पडला की विरघळतो. मासा तो गटकन गिळून मोकळा तरी होतो, पण कोळंबीचं तसं नाही. ती दाणा पायांत धरून निवांत कुरतडत बसते, आणि तेवढ्यात दाण्याचा चिखल झाला तर बिचारी उपाशी, वर पाणीही नासतं. हे सगळं घरच्या थोरल्या लेकीला तोंडपाठ होतं. ती शिकलीही हेच होती आणि तिचं डोकंही यातच चालायचं. कवच टाकायच्या दिवसांत कोळंबीला कोणते क्षार वाढवून द्यायचे, दाण्याकडे मासे ओढले जावेत म्हणून लसणाची पूड किती घालायची, हे तिनं वर्षानुवर्षं करून करून बसवलं होतं. मिश्रण तिचं, यंत्रं आणि गिऱ्हाइकं धाकट्या भावाची, दोरा आईचा. छान चाललं होतं. पण छान चाललेलं कुणाला बघवतं का? इथे घरातल्यालाच बघवलं नाही.

पलीकडच्या रस्त्यावर दुसरी गिरणी निघाली. त्यांच्या खाद्यावर मासे भराभर अंग धरायला लागले. आपली गिऱ्हाइकं तिकडे वळताना दिसली तसा धाकट्याचा जीव खालीवर व्हायला लागला. आणि एका सकाळी त्यानं चिठ्ठी नसलेलं एक पोतं आणून थोरलीसमोर ठेवलं.

"काय आहे हे?" तिनं विचारलं.

"वाढीची पूड. तेही हीच घालतात."

थोरलीनं पोतं उघडलं, वास घेतला आणि बांधून टाकलं. "ही वाढीची पूड नाही रे. औषध आहे हे. आजारी जनावराला चार दिवस द्यायचं आणि बंद करायचं. तू ते रोजच्या घासात घालणार?"

"मासे मरत नाहीत त्यानं, ताई! मरत नाहीत म्हणून वाढतात. यात वाईट काय?"

"वाईट हे की तोच मासा उद्या कुणाच्या तरी ताटात जातो. त्या माणसाच्या अंगात हे थेंबाथेंबानं मुरतं, आणि ज्या दिवशी त्याचं पोर खरंच तापानं फणफणतं त्या दिवशी हेच औषध त्याला लागू पडत नाही. कळलं? की अजून सोपं करून सांगू?"

"सगळे घालतात," धाकटा म्हणाला.

"सगळे विहिरीत उड्या मारतील. तू मारशील?"

"मग तू नको मिसळू," तो म्हणाला आणि पोतं खांद्यावर टाकून निघून गेला. थोरलीला वाटलं, विषय संपला. ताई ताई करत मागे फिरणारा भाऊ आपल्याला डावलून काही करेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. तिथेच ती फसली.

आठवडा गेला. गाड्या भरायच्या दिवशी ती आईला घेऊन गिरणीत आली, तर दारातच गोण्यांची थप्पी. शिवलेली. पिवळ्या दोऱ्यानं.

आई दोन पावलं पुढे गेली, शिवणीवरून बोट फिरवलं, मग कमरेची पिशवी चाचपली. रीळ जागच्या जागी होतं.

"अगं," ती म्हणाली, "दोरा माझ्यापाशी आहे. मग हे शिवलं कशानं?"

थोरलीची नजर मिश्रणाच्या पिंपाकडे गेली होती. शेजारच्या खिळ्यावर रबराचे हातमोजे टांगलेले होते, नवेकोरे, बोटांवर पांढरी पूड चिकटलेली. हा तोच धाकटा, जो लहानपणापासून कोपरापर्यंत हात घालून खाद्य कालवायचा आणि त्याच हातांनी डबा उघडून जेवायला बसायचा. आज त्याला हातमोजे लागले! थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. आधी उतरले ते जुने तळेवाले, ज्यांना सगळे काका म्हणत. त्यांच्या मागून चष्मेवाली आली. कोळंबीची दोन तळी एकटीनं सांभाळणारी बाई, बोलायला फटकळ. धाकटा आतून हसत हसत बाहेर आला.

"या या! माल तयार आहे. यंदाचा दाणा घालून बघा, काका, मासे ओळखू यायचे नाहीत."

"गोणीला हात लावू नका," थोरली म्हणाली आणि थप्पीसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, बाजूला हो."

"नाही होत. काय करशील?"

"लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा तू मांडलायस. मी नुसता पडदा वर करतेय." ती गिऱ्हाइकांकडे वळली. "काका, या खाद्यात औषध आहे. माझं मिश्रण नाही हे. आईनं चाखलेलं नाही. दोरा बाजारचा आहे."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे. धाकटा कपाळाला हात लावून हसला. "बघा आता. मी एक मिश्रण स्वतः केलं तर ताईचा पापड मोडला. लसूण थोडा जास्त पडलाय, एवढंच."

"लसूण?" थोरली कडाडली. "लसूण काय?" तिनं कात्री घेतली, वरच्या गोणीची शिवण उसवली, मूठभर दाणे काढले आणि त्याच्या नाकासमोर धरले. "मग खा की. रीत आहे ना घरची? खा!"

"मी जेवून आलोय."

"तू खात नाहीस ना? बघ मग!" आणि रागाच्या भरात तिनं दोन दाणे स्वतःच्याच तोंडात टाकले. चावले. जिभेवर कडू जहर पसरलं, डोळ्यांत पाणी आलं, पण ती त्याच्याकडे टक लावून चावत राहिली. तिला वाटत होतं, आता हा धावेल. आता म्हणेल, ताई, थुंक ते. थुंक आधी.

धाकटा वजनकाट्याकडे बघत उभा राहिला. काट्यावर काहीही नव्हतं.

तिनं गिळलं.

आणि काकांनी समाधानानं मान हलवली. "झालं तर मग! ताईनं चाखलं ना? आता कसली शंका? घ्या रे, भरा गाडी."

हात्तिच्या! थोरली जागच्या जागी थिजली. जन्मभर ज्या रीतीला जपलं तीच उलटून अंगावर आली होती. या घरातल्या माणसानं दाणा गिळला म्हणजे मालावर शिक्का बसला, हे सगळ्या तळेवाल्यांना ठाऊक होतं. ती विरोध करायला गेली आणि ग्वाही देऊन बसली. "अहो काका, तसं नाही हो, मी रागानं..." ती म्हणत होती, पण टेम्पोबरोबर आलेल्या हमालानं पहिली गोणी पाठीवर घेतलीसुद्धा. धाकट्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"ठेव ती खाली," आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण हमाल थांबला.

आई स्टुलावर बसली होती, नेहमीच्या जागी. पिवळं रीळ तिनं पिशवीतून काढून मांडीवर ठेवलं होतं. "हिचं चाखणं चाखणं नाही. मान माझा आहे. आण गं, दे इकडे."

"आई, तू नको," थोरली म्हणाली.

"का? मी काय आज पहिल्यांदा खातेय? दात नाहीत म्हणून काय झालं, हिरड्या आहेत." म्हातारीनं स्वतःच वाकून उसवलेल्या गोणीत हात घातला. दाणे तळव्यावर घेतले, सवयीनं एक फुंकर मारली आणि धाकट्याकडे पाहिलं. रागानं नाही. जेवायला बसताना आई मुलाकडे बघते तसं. मग हात तोंडाकडे नेला.

"आई!"

धाकटा कसा आणि कुठून आला ते कुणाला कळलंच नाही. त्यानं तिच्या हातावर फटका मारला. दाणे उडाले, स्टूल डगमगलं, रीळ घरंगळत काट्याखाली गेलं. त्यानं तिचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि आपल्या सदऱ्याच्या टोकानं तिचा तळवा पुसत होता, पुन्हा पुन्हा, खरवडून काढल्यासारखा. "खाऊ नको," तो म्हणत होता. "तू नको खाऊ ते."

चष्मेवालीनं आधी चष्मा पुसला, मग धाकट्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आईला चालत नाही," ती म्हणाली, "आणि माझ्या कोळंबीला चालतं होय रे? वा!" तिनं हमालाला खूण केली. गोणी खाली उतरली. काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि बाहेर टेम्पोत जाऊन बसले.

आईनं आपला हात सोडवून घेतला. "रीळ शोध," ती धाकट्याला म्हणाली. तो गुडघ्यांवर बसून काट्याखाली हात घालायला लागला.

थोरली त्याच्या डोक्याशी उभी होती. तोंडातला कडूपणा अजून गेला नव्हता.

"आईचा हात धरलास," ती म्हणाली, "चांगलं केलंस. माझा नाही धरलास."

त्यानं वर पाहिलं नाही. "ताई, मला वाटलं तू थुंकशील."

"या घरात थुंकतात का?"

रीळ त्याच्या हाती लागलं होतं, धुळीनं माखलेलं. ते त्यानं आईच्या मांडीवर ठेवलं. थोरलीनं त्याच्यापुढे कात्री धरली.

"ऊठ. एकूण एक गोणी उसव. तूच शिवल्यास, तूच उसवायच्या," ती म्हणाली. "आणि हातमोजे घाल. औषध आहे ते."