पहिला चीक

डाक्टरीणबाईंनी पोट चिरून गोजराचं बाळ काढलं, त्याला दोन दिवस झाले होते. मुरगूडहून तिची सासू तानाबाई आली आणि खाटेशी ठाण मांडून बसली. "पहिलं दूध पोरीला बाधतंय. पिळून टाक," म्हणाली आणि मधाचं बोट पोरीच्या तोंडात घातलं. गोजरा टाके दाबून मुकाट रडत होती.

मी बिबीजान, या दवाखान्यात बारा वर्षं दाई. माझं डोकंच फिरलं.

"म्हैस व्याली की रेडकाला आधी काय पाजता?"

"चीकच की! न्हायतर रेडकू जगंल व्हय?" तिनं पितळी डबा पुढं केला. "उरल्याचा खरवस केलाय. तुमच्यासाठीच आणलाय."

मी डबा तिच्या मांडीवर आदळला. पोर उचलून गोजराच्या काखेत आडवी घातली, पाय आईच्या पाठीकडं, म्हणजे टाक्यांना धक्का लागणार नाही. पोर लुचायला लागली.

"शाहू महाराजांच्या राज्यात पोट चिरून मायलेकी जगत्यात, आन् तुम्ही नातीला उपाशी मारताय! रेडकाला चीक, दाईला खरवस. तानाबाई, ही पोर तुमच्या गोठ्यात जन्माला आली असती, तर परवाच पोटभर प्याली असती!"