हळदीचा सदरा

हळदीच्या डागाला साबण लागला की तो तीन-चार सेकंदांत लाल होतो. साध्या पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. कळमनुरीच्या शाळेत सातवीच्या वर्गाला शिला दरवर्षी हा प्रयोग करून दाखवायची. मागच्या वर्षी डाग लाल झाला तेव्हा तिनं मुलांकडे पाहिलं, तर सगळी कंटाळलेली.

"मॅडम, हे तर आमच्या मोरीत रोजच होतंय," मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली.

शिलाच्या हातातला कपडा हातातच राहिला. गावातल्या लेकरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट तिच्या वडिलांच्या खटल्याच्या कागदांत कुठेच नव्हती. त्याच आठवड्यात तिनं ती वडिलांच्या वकीलबाईंना सांगितली.

बारा वर्षांपूर्वी, हळद शिजवायच्या दिवसांत, शेतमालक व्यंकटराव विहिरीजवळ मेलेले सापडले. डोक्यात घाव होता. सकाळी त्यांची भीमराजशी, म्हणजे शिलाच्या वडिलांशी, बाचाबाची झाली होती. भीमराज त्याच शेतात कढईवर कामाला होते. संध्याकाळी आईनं त्यांचा सदरा धुतला आणि शेजारच्या रूपाबाईंनी मोरीतून लाल पाणी वाहताना पाहिलं. कोर्टात त्यांनी तेवढं सांगितलं. तपासणीत सदऱ्यावर रक्त निघालं नाही. पण धुतल्यावर कुठून निघणार, असं निकालात आलं. जन्मठेप झाली. हायकोर्टात अपील दाखल केलं, आणि त्याची वाट पाहत चौथ्या वर्षी आई गेली.

आज अपिलाचा निकाल होता. कोर्टाबाहेरच्या बाकावर शिलाजवळ रूपाबाई बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पहाटेच डबा घेऊन त्या गाडीत चढल्या होत्या.

"काकू, तेव्हा हळदीचं काहून न्हाई सांगितलं?" शिलानं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मला इच्यारलं, पाणी लाल होतं का? मी म्हनलं, व्हय. कायचं लाल, ते इच्यारलंच न्हाई." रूपाबाईंनी डब्याचं झाकण उगीच दाबून पाहिलं. "मला वाटलं, एवढा शिकलेला साहेब. त्याला हळद माहीत नसंल का?"

शिलाला हसू आलं. तिला कढईची वाफ आठवली. भट्टीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारणारे वडील, कोपरापर्यंत पिवळे. ते जवळ घ्यायचे तेव्हा तिच्या गणवेशावर पाच बोटं उमटायची आणि आई ओरडायची, "झालं, पुन्हा मलाच धुवायचंय." घासताना तीच बोटं लाल व्हायची. शिला मोरीच्या काठावर बसून रंग परत पिवळा होईपर्यंत आकडे मोजायची.

गेल्या महिन्यात भेटीत वडिलांनी विचारलं होतं, "यंदा कढई कुठं लागली?" गावात आता ट्रॅक्टरमागून वाफेचा कुकर येतो, कढई कुणी लावत नाही. हे तिनं सांगितलं नाही. त्यांचे हात मात्र पाहिले. पांढुरके, दुसऱ्याच कुणाचे वाटणारे.

पुकारा झाला. दोघी आत जाऊन मागे बसल्या. वकीलबाईंनी नवा पुरावा आणलाच नव्हता. जुन्या कागदांतला अटकेचा पंचनामा काढला होता. त्यात एक ओळ होती: आरोपीचे दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे. कनिष्ठ कोर्टात ती कुणी वाचून दाखवली नव्हती.

न्यायमूर्ती बराच वेळ इंग्रजीत वाचत राहिले. रूपाबाईंनी शिलाचं मनगट घट्ट धरलं.

"काय म्हनले?"

"हळद म्हणाले, काकू."

"मंग बराबर चाललंय."

शेवटचं पान उलटलं. न्यायमूर्तींनी चष्मा काढला, मागच्या बाकाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "अपील मंजूर. भीमराज यांची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे."