तीस हात

बाईंनी पानावरचा ‘सुमारे’ पेन्सिलीने खोडला आणि पान टेबलापलीकडे अध्यक्षांकडे सरकवलं. अध्यक्षांनी ते परत त्यांच्यापुढे सरकवलं. सकाळपासून त्या पानाची हीच ये-जा चालू होती.

पान बाईंनी केलेल्या जुन्या हिब्रू धर्मग्रंथाच्या अनुवादाचं होतं आणि अध्यक्ष तो छापणाऱ्या समितीचे. राजाने मंदिरासाठी ओतून घेतलेल्या कांस्याच्या गोल हौदाची मापं त्यात होती: या काठापासून त्या काठापर्यंत दहा हात आणि भोवती दोरी धरली तर तीस हात. आता दहा हात रुंद हौदाला तीस हातांची दोरी पुरत नाही, जवळजवळ दीड हात तोकडी पडते, हे शाळेतलं पोरही सांगेल. वाचक खो-खो हसतील या धास्तीने समितीने हळूच ‘सुमारे तीस’ करून ठेवलं होतं.

समितीची जुनी रीत होती. अनुवादकाने ओळ मोठ्याने वाचायची आणि मान्य असेल त्याने उभं राहायचं. सगळे उभे राहिले की ओळ छापायला जायची. बाई ती ओळ ‘सुमारे’सकट वाचायला तयार नव्हत्या.

“वहिनी, एका शब्दाने काय आभाळ कोसळतंय?” अध्यक्ष म्हणाले. बाईंच्या दिवंगत नवऱ्याचे ते जिवलग मित्र.

“मुळात तो शब्द नाही, भाऊजी.”

“लोक हसतील.”

“हसू देत. लिहिणाऱ्याने तीस लिहिलंय. त्याची लाज झाकायला मला नेमलेलं नाही.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “मग पुढचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल. पुस्तकावर नावही त्याचंच येईल.”

बाईंना ते लागलं. अर्धं आयुष्य त्यांनी या पानांवर घालवलं होतं. त्यांनी पेन्सिल उचलली आणि उगाच टोक करत बसल्या.

“द्या,” त्या म्हणाल्या. “पण खोडलेलं मी परत लिहिणार नाही.”

तेवढ्यात दार उघडलं आणि बाईंचा मुलगा आत आला. तो कॉलेजात गणित शिकवायचा. अध्यक्षांनी त्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं आणि बाईंना याचा पत्ताच नव्हता.

शाळेत असताना याच ओळीवरून त्याने घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्याला दोरी गुंडाळली होती आणि ती आईपुढे टाकून म्हणाला होता, तुझा ग्रंथ चुकलाय. त्यानंतर तो प्रार्थनेला कधी आला नाही. मायलेक जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे, हा एक सोडून.

“सांग रे बाबा तुझ्या आईला,” अध्यक्ष खुशीत येऊन म्हणाले.

त्याने उभ्याउभ्याच पान वाचलं. “चूक आहे. काठाची जाडी वजा करून हिशेब जुळवणारे आहेत, पण मला ते कधी पटलं नाही.”

“ऐकलंत, वहिनी?”

“फार पूर्वीच ऐकलंय.”

“हा ‘सुमारे’ कुणी घातला?” मुलाने विचारलं.

“समितीने.”

“काढा तो.”

“अरे, आत्ता तूच चूक म्हणालास ना?”

“म्हणूनच म्हणतोय, काका. इतकी वर्षं मी या ओळीशी भांडतोय. तुम्ही ती गुपचूप सारवलीत तर उद्या खोटा मी पडेन. आईने तीस लिहिलंय, तर तीसच छापा.”

बाईंनी पेन्सिल ठेवली, पान हातात घेतलं आणि ओळ वाचली. ‘तीस हात’ हे शब्द त्यांनी जरा जास्तच ठणकावून म्हटले. टेबलाच्या टोकाला बसलेले समितीतले दोघे सभासद उभे राहिले. “एकाच माळेचे मणी आहात मायलेक,” असं पुटपुटत शेवटी अध्यक्षही उठले.

बाई पान घडी करता करता मुलाला म्हणाल्या, “खाली टीप हवी. तू लिहिशील?”

“लिहीन. पण गोड लिहिणार नाही.”

“गोड मागितलंय कुणी?” त्यांनी शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. “आता बस. वाचून झालंय माझं.”

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, तोही उभाच होता.