उभं गाव

सुमनआत्या आठवते ती उन्हासकट. खिडकीतून कोवळं ऊन चटईवर उतरलं की द्राक्षांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून केलेली आपली इमारत ती त्यात ठेवी आणि मान तिरकी करून मजल्यामागून मजला उजळताना पाही. कात्रीची करकर थांबलेली असे, बोटांवर खळ वाळत असे, आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानिणीचा आनंद मावत नसे.

माझ्या वडिलांची, अण्णांची, ही धाकटी बहीण सरकारी कचेरीत नकाशे गिरवी. हिरव्या शेतांवर प्लॉटांच्या रेघा ओढून तिचा जीव विटला होता. म्हणून ऐंशी सालच्या सुमारास आमच्या वसाहतीतल्या कुटुंबांनी मिळून नाशिकबाहेर गंगापूरच्या वाटेवर एक शेत घेतलं, तेव्हा तिने हट्टच धरला, की गाव आडवं पसरायचं नाही, उभं करायचं. घरं एकावर एक चढतील. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा मागे सरेल, म्हणजे प्रत्येकाला अंगण आणि अंगणात ऊन. गच्चीवरचं पावसाचं पाणी मजल्यामजल्याने उतरत भाजीचे वाफे भिजवील, मधल्या पोकळीतून उष्ण वारा वर निघून जाईल, आणि भोवतीचं शेत शेतच राहील. अण्णा चिडवायचे, "दूधवाला काय सायकलसकट वर येणार?" दुसऱ्या दिवशी इमारतीला दोरीची इवलीशी टोपली लोंबत होती. थट्टेने ती कधी खट्टू झाली नाही. ते शेत वाचावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते फार मनापासून हवं होतं.

गाव कसं बांधायचं ते ठरवायला वसाहतीतल्या बुद्धविहारात बैठक भरली. घोटीकडच्या विमलमावशींनी सातव्या मजल्यावर बोट ठेवलं.

"सुमन, मला ह्यो दे. कुरडया वाळतील ना? आन् शेजारी ही शांताच पायजे, दुसरं कोणी नाय."

मग काय, झुंबडच उडाली. जो तो मजला अडवू लागला, शेजारी निवडू लागला, आणि पुठ्ठ्याच्या घरांवरून खरीखुरी भांडणं झाली. शेवटी हात वर झाले ते मात्र प्लॉटांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या जी मिळाली नाही ती स्वतःच्या नावाची माती पायाखाली हवी, या ओढीपुढे आत्याचं काही चालेना. ती ओढ तिलाही कळत होती. तरी तिचे डोळे भरून आले.

प्लॉटांच्या चिठ्ठ्या काढायची वेळ आली, तशा विमलमावशी अडून बसल्या.

"चिठ्ठ्या नकोत. वर जे शेजारी ठरले, तेच खाली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या रडता रडता खळखळून हसली, आणि मजल्यांच्या क्रमाने प्लॉट तिनेच आखून दिले.

आज आत्या नाही, आणि तिला वाचवायचं होतं ते शेतही नाही. पण आई अजून सांगते, "सातव्या मजल्यावरून वाटीभर साखर आण," आणि मी फाटक उघडून समोरच्या बैठ्या घरात जातो. माणसं जिथे राहिली ती घरं काळाच्या हाती लागतात. जिथे राहायचं त्यांनी हौसेने ठरवलं होतं, त्या घराच्या पायऱ्या मात्र काळाला अजून सापडलेल्या नाहीत.