जितं पानी

धानोऱ्याच्या गिरधर पाटलांच्या घरामागे, लिंबाच्या दोन झाडांपलीकडे, छातीइतक्या खोलीचा छोटासा जलतरण तलाव आहे. तो पोहण्यासाठी बांधलेला नव्हता. पक्षाघातानंतर गिरधर यांचा डावा पाय जमिनीवर टेकताच थरथरू लागे. पाण्यात मात्र तोच पाय शरीराचा भार विसरून पुढे पडे. नंदुरबारच्या फिजिओथेरपिस्टने सुचवल्यावर त्यांच्या मुलाने, नवनीतने, हा तलाव बांधून घेतला. रोज सकाळी तो वडिलांचा हात धरून त्यांना या कडेपासून त्या कडेपर्यंत चालवीत असे.

तलावाची निगा सून ममता राखी. जाळीने पाने काढणे, भिंती ब्रशने घासणे, फिल्टर उलटा धुणे, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकणे आणि रंगावरून क्लोरीनचा अंदाज घेणे, ही कामे तिने आपणहून पत्करली होती. रसायनशास्त्राची पदवी घेताना तिने प्रयोगशाळेची स्वप्ने पाहिली होती. लिंबाच्या सावलीत का होईना, हातात नळी आली, याचे तिला समाधान होते.

मे महिन्याच्या सुरुवातीला नवनीतला नवापूरला जावे लागले. तिथल्या एका पोल्ट्रीत तो नोकरीला होता. पिलांची नवी खेप आली की रोगाच्या भीतीने कामगारांना आवाराबाहेर सोडत नसत, त्यामुळे महिनाभर त्याला तिथेच राहायचे होते. तोवर गिरधर यांना पाण्यात कोण धरणार, हा प्रश्न सकाळच्या चहाला निघाला.

"पराया मानूससमोर चड्डीवर? मी नही," गिरधर यांनी आधीच सांगून टाकले. सुनेचा हात धरून पाण्यात उतरणे त्यांना जमणार नव्हते. ममताची तयारी होती, पण त्यांचा संकोच तिने ओळखला आणि विषय काढला नाही. राहिल्या सासूबाई, भिकुबाई.

"मी काय त्यामा पाय टाकस नही," भिकुबाई म्हणाल्या.

"का बरं, आई?"

"ते पानी मरेल शे. त्याले झिरा नही, धार नही. बोरनं पानी आनं, दवाई टाकी, कोंडी ठेवं." भिकुबाईंचे माहेर तापीकाठचे; वाहते तेच पाणी जिवंत, कोंडलेले ते मेलेले, असे त्या मानीत. "तापीमायमा उतरतांना मी हळद-कुंकू वाहीसन आगोदर इचारस, मंग पाय टाकस. आठे कोनले इचारू? मोटारले?"

"मोटारले इचार. ती घरघर तरी करस," गिरधर म्हणाले. "तुन्ही तापीमाय आजपावत काय बोलनी तुले?"

"तुम्हना घरमा ऱ्हाईसन बोलाले कोनले जागा भेटस?"

सगळे हसले, पण भिकुबाईंचे म्हणणे बदलले नाही. हळूहळू गिरधर यांचा पाय आखडू लागला. सकाळी पलंगावरून उठताना ते आता भिंतीचा आधार शोधत, आणि कोणी पाहत नाही ना, याचीही खात्री करून घेत. अंगणापर्यंत चालत येणारे ते ओसरीवरच थांबू लागले. भिकुबाई त्यांच्या पोटरीला तीळतेल चोळत. चोळताना डोळे मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे नेत नसत.

अशातच पंपाचा कंडेन्सर जळाला. नवा नंदुरबारहून येऊन बसेपर्यंत पाणी एका जागी राहिले. वर मे महिन्याचे ऊन. तळाच्या निळ्या फरशा दिसेनाशा झाल्या आणि पाण्यावर हिरवट झाक चढली.

नवा कंडेन्सर बसला त्या संध्याकाळी पंप सुरू करून ममताने ओसरीतूनच नवनीतला फोन लावला. "पानीमा जीव पडना शे," ती म्हणाली. शेवाळाबद्दल ती बोलत होती, आणि पुढे ते मारायच्या क्लोरीन पावडरचे प्रमाण विचारणार होती. पण आत धान्य निवडत बसलेल्या भिकुबाईंच्या हातातले सूप तिथेच थांबले. त्या उठून देवघराकडे गेल्या. पुढचे बोलणे त्यांच्या कानावर पडले नाही.

सकाळी ममता जाळी घेऊन मागे गेली, तेव्हा भिकुबाई तलावाच्या दुसऱ्या पायरीवर गुडघाभर हिरव्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांच्याभोवती हळद-कुंकू पसरले होते आणि एक नारळ हेलकावे खात कडेकडे चालला होता. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, खांद्यावर टॉवेल टाकून, गिरधर तयार बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी दाढी केली होती.

"आई, पहिले बाहेर या!"

"कसाले? तूच तर नवनीतले सांगं, पानीमा जीव पडना म्हनीसन. मी इचारी लिन्हं. आते त्यासले हात दे आनि कसं धरानं ते माले सांग."

आपला शब्द कुठवर पोचला, हे ममताच्या ध्यानात आले. गप्प राहिली तर तिचे सासरे, आप्पा, आत्ताच्या आत्ता पाण्यात उतरणार होते, आणि न दिसणाऱ्या बुळबुळीत तळावर त्यांचा पाय टिकला नसता. खरे सांगितले तर भिकुबाई पायरीवरून परत फिरतील, आणि कदाचित पुन्हा कधीच येणार नाहीत. समोर दाढी केलेला तो चेहरा होता. तिने जाळी खाली ठेवली.

"आई, तो जीव म्हंजे शेवाय. तळ दिसस नही. आप्पांना पाय घसरी." मग तिने उरलेलेही सांगितले. "आज पावडर येनार शे. ती टाकीसन मी तो जीव मारनार शे."

"म्हंजे ज्याले मी इचारं, त्यालेच तू मारशी?"

"हो, आई."

गिरधर यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. या खेपेस त्यांनी थट्टा केली नाही. भिकुबाई पाण्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी ओंजळीत थोडे पाणी घेतले, त्यातला हिरवेपणा निरखला आणि सोडून दिले.

"पानी फेकशी का?"

"नही. पानी तेच ऱ्हाई. फक्त निवळी."

"पूर येस तवय तापीमायबी गढूळ व्हस," भिकुबाई सावकाश म्हणाल्या, जणू स्वतःलाच समजावत होत्या. "घरमा त्या पानीले आम्ही तुरटी फिरावूत. त्याघाई तापी काय मरनी नही." त्यांनी मान वर केली. "मी शेवायले नही इचारं. मी पानीले इचारं. मार तू शेवाय. पन मन्हं कुंकू जाळीवरी काढू नको."

"नही काढस."

"आनि तुम्ही," त्या नवऱ्याकडे वळल्या, "दाढी करी ठेवा. पानी निवळनं का परत कराले लावसू."

ऊन उतरल्यावर ममताने बादलीत पावडर कालवून ती काठाकाठाने सोडली. भिंती घासल्या, पंप चालू ठेवला, फिल्टर वारंवार धुतला. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखे झाले. त्यानंतर एकेक फरशी दिसू लागली. क्लोरीन उतरेपर्यंत तिने कोणालाही पायरीजवळ जाऊ दिले नाही. अखेर एका सकाळी नळीतला रंग फिका पिवळा आला, तेव्हा ती सासूबाईंना बोलवायला गेली.

भिकुबाईंनी जुने लुगडे घट्ट कासून नेसले होते. पाण्याला हात लावून तो कपाळाशी नेला आणि त्या उतरल्या. लुगड्यात हवा भरून ते भोवती फुगले; तो फुगा दाबता दाबता त्यांचाच तोल गेला. मागून कठडा धरून उतरणाऱ्या गिरधर यांनी चांगल्या हाताने त्यांचा दंड पकडला.

"कोन कोनले धराले उनं?"

"बोलू नका. पाय उचला."

भिकुबाईंनी त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला. पाय जागचा हलला नाही. त्यांनी घाई केली नाही. छातीभर पाण्यात, फुगलेल्या लुगड्यासह, उभ्या राहिल्या. मग गिरधर यांचा गुडघा वर आला, पाऊल पुढे सरकले आणि तळाच्या निळ्या फरशीवर टेकले.

"आते दुसरा," त्या म्हणाल्या.