पंचफुलानं हात आडवा केला नाही

पंचफुला ढोकेनं पहिला घास तोंडात घातला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, फॉल-पिकोच्या दुकानात बसलेल्या सुगंधाच्या जिभेवर धूर आला.

"आला," सुगंधा म्हणाली. "धूर हाय. नुसता धूर."

"माह्याबी तोंडात आला," ताराचंद म्हणाला. तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, त्यामुळे स्वतःच्या जिभेचा त्याला फार गर्व. "पण लाकडाचा नाही वो. काच जाळली की येते तसा."

यात कुणाला नवल वाटलं नाही. पंचफुलाचे जे खरे चाहते होते, त्यांना तिचं जेवण लागायचंच. तिनं गाण्याच्या कार्यक्रमाआधी मिरचीचे भजे खाल्ले की अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांतून पाणी. तिचं पोट बिघडलं की गल्लीत कुणाला चहासुद्धा जायचा नाही. ज्यांच्या जिभेला काहीच लागत नसे, ते नुसते टाळ्या पिटणारे. त्यांना कुणी विचारत नव्हतं.

पण आज पंचफुला काचघरात जेवायला बसली होती, आणि तिथून आपलं माणूस जेवून उठल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

काचघर हे हॉटेल. चारी बाजूंनी काच. आपल्या वस्तीतला कुणी गाऊन नाव काढायला लागला की तिथून सन्मानानं बोलावणं यायचं. आत नियम एकच. ताटात काही टाकून उठलात, तर आवाज तिथंच ठेवून जायचा. काउंटरमागच्या फडताळावर चिनी मातीच्या बरण्या मांडलेल्या, तोंडाला फडकी बांधलेली, आणि आत लोकांचे आवाज मुरत घातलेले. मोठे लोक येता-जाता त्या बरण्यांकडे बघत आणि म्हणत, किती जपलंय यांनी सगळं!

एका बरणीत सुगंधाच्या आईचा आवाज होता. बेबीबाई. भीमजयंतीला माईक बंद पडला तरी तिचं गाणं रेल्वे फाटकापर्यंत जायचं. ती काचघरातून अर्ध्या ताटावरून उठून आली आणि तेव्हापासून तिचे ओठ हलत, बाहेर मात्र हवाच येई. आत्ताही ती दुकानाच्या उंबऱ्यावर बसून ओठ हलवत होती. आपलं नाव आईच्या तोंडून कसं लागायचं, ते सुगंधाला आता आठवत नव्हतं.

पंचफुलानं धूर गिळला. गिळल्याबरोबर दुकान पुढं सरकलं. दुकान आणि काचघर यांच्यामधला धान्यबाजाराचा चौक तिनं धुरासोबत पोटात घातला होता.

"अबे, माही सायकल होती ना तिथं," ताराचंद म्हणाला.

"गेली?"

"गेली पोटात."

पुढचा पदार्थ आला. सुगंधानं डोळे मिटले. "मासा हाय. पण तो मान वळवून पाहून रायला."

"खाय म्हणा त्याले. पाह्यनारे लय पाह्यले आपन."

पंचफुलानं मासा डोळ्यांसकट खाल्ला. पाण्याची टाकी गेली, कचेरी गेली. उकळता बर्फ आला, तो तिनं फुंकर न मारता प्यायला. सगळ्या गल्लीच्या दाढा ठणकल्या आणि मोठ्या बंगल्यांची अख्खी रांग गेली. बंगल्यांना काही चव नव्हती. दुकान सरकत सरकत शेवटी काचघराच्या काचेला येऊन टेकलं, मागं सगळी गल्ली घेऊन.

आता सगळं समोर दिसत होतं. पंचफुला पिवळं लुगडं नेसून मधल्या टेबलाशी बसली होती. आजूबाजूला शहरातले बडे लोक जेवत होते. पांढऱ्या हातमोज्यांतला मॅनेजर चांदीचं झाकण घातलेलं ताट घेऊन आला, तिच्यापुढं ठेवलं आणि झाकण उचललं.

ताटात शिळी भाकर होती. कुणीतरी कडेनं खाल्लेली. दातांचे ठसे दिसत होते.

बेबीबाईनं सुगंधाचं मनगट धरलं. तिचे ओठ हलले. इथंच. इथंच उठली होती मी.

सुगंधाला कळायचं ते कळलं. धूर आणि मासा ही नुसती सजावट होती. त्यांची खरी रेसिपी ही. लग्नाच्या मांडवाबाहेर फडकं पसरून बसलेल्या आपल्या आज्ज्यांना जे पंगती उठल्यावर मिळायचं, तेच त्यांनी चांदीत घालून आणलं होतं, गाणाऱ्या बाईनं तिरीमिरीत उठावं म्हणून. स्वाभिमानी माणूस इथं उठणारच. आणि उठला की बरणी तयार.

गल्ली पेटली. ताराचंद काचेवर थडाथड हात मारत ओरडला, "ऊठ पंचफुला! फेक त्याच्या थोबाडावर!"

सुगंधानं त्याच्या तोंडावर हात दाबला. "चूप बस बे! उठली की गेली ते!" मग तिनं स्वतःच काचेला तोंड लावलं. "ताई, उठू नोको! आमी खाऊन रायलो तुह्यासंगं! उठू नोको!"

पंचफुलानं काचेकडं बघितलं. मग भाकर मोडली, पाण्यात बुडवली आणि खाल्ली.

सुगंधा थांबली. किळस येईल असं तिला वाटलं होतं. पण जिभेवर नुसती ज्वारी आली. भाकर चांगली होती. कुण्या बाईनं मन लावून थापली होती. उष्टी करणाऱ्याला तिची चव लागलीच नव्हती.

पंचफुलानं ताट बोटानं पुसून घेतलं आणि बोट चाटलं.

मॅनेजर गोंधळला. गोंधळलेला माणूस सवयीनं बोलतो. तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "आणखी वाढू?"

त्याच्या जातकुळीत हा प्रश्न 'नको, नको' ऐकण्यासाठीच विचारतात. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा, यजमानानं आग्रह करायचा, दोघांनी हसायचं आणि पदार्थ भांड्यात परत न्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या ते हे विचारत आले होते. उत्तराची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

पंचफुलानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"वाढा," ती म्हणाली.

आता विचारलं म्हटल्यावर नाही म्हणता येत नव्हतं. मॅनेजरनं वाढलं. तिनं खाल्लं. हात मागं. "वाढा." धुराचा हंडा संपला. बर्फ संपला. कोठीतले मासे एकमेकांच्या आड लपले, तेही संपले. आचाऱ्यांनी खिडक्यांचे पडदे चिरून फोडणीला टाकले.

"पडदा लागून रायला बाप्पा तोंडाले," ताराचंद म्हणाला. "मखमल हाय."

"चाव अन् गीळ," सुगंधा म्हणाली.

बाकीचे बडे लोक जेवून बसले होते, पण पंगतीत शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय उठायचं नाही, हा त्यांचाच दंडक. सगळ्यांना शिकवला त्यांनीच. ते अर्धे उठायचे आणि गुडघ्यांत वाकलेले तसेच अडकायचे.

"अहो, मला पाच मिनिटं तरी सोडा," एक बाई मॅनेजरला म्हणाल्या. "बाहेर माझी गाडी उभी आहे."

"गाडी मघाच खाल्ली काकू," ताराचंद काचेतून म्हणाला. "बसा आता. पंगत हाय."

गल्ली एवढी हसली की काच थरथरली. मॅनेजरनं घाम पुसला, काचेकडं बघितलं, आणि तीच पापड म्हणून वाढली. पंचफुलानं ती कडाकडा खाल्ली. गल्ली आत आली आणि फरशीवर मांडी घालून बसली, कुणाला न विचारता.

"वाढा."

काहीच उरलं नव्हतं. मॅनेजर फडताळाकडं गेला. त्याचे पाय नको म्हणत होते, पण वाढप्याला पाय नसतात. त्यानं एका बरणीचं फडकं सोडलं आणि चमच्यानं वाढायला सुरुवात केली.

पहिल्या आवाजासरशी गल्लीतला एक म्हातारा रडायला लागला, कारण तो त्याच्या भावाचा होता आणि खारट झाला होता. दुसरा आला, तिसरा आला. मग सुगंधाच्या जिभेवर कैरी आली, कापूर आला, रेल्वे फाटकापलीकडचा वारा आला, आणि त्याच्या मागून तिचं स्वतःचं नाव.

"सुगंधे," शेजारून आवाज आला.

ती वळली. बेबीबाई तिच्याचकडं बघत होती.

"फॉल वाकडा लावून रायली तू. कवाची सांगून रायली मी. आयकतच नाही."

सुगंधा हसायला गेली, ते जमलं नाही. मग तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. वर बेबीबाई सूर लावून बघत होती, आधी हळू, मग बरण्यांची फडकी उडतील असा. उरलेल्या बरण्या मॅनेजरला उघडाव्याच लागल्या नाहीत. पंचफुलानं सगळ्यांत शेवटचा आवाज गिळला, तांब्याभर पाणी प्याली आणि ढेकर दिला. तो सगळ्यांनी दिला.

मग तिनं हात पाठीमागं घेतले.

मॅनेजरनं पळीत बघितलं. कोठीत बघितलं. अडकून बसलेल्या बड्या लोकांकडं बघितलं. त्यांनी नजरा खाली घातल्या. मग पुन्हा पंचफुलाकडं, मदतीसाठी बघावं तसं.

"वाढा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

मॅनेजरनं हातमोजे काढले आणि त्यांची नीट घडी घातली. बूट काढून जोडीनं खुर्चीखाली ठेवले. तो टेबलावर चढला, चांदीच्या ताटात मधोमध मांडी घालून बसला आणि आपल्या डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढून घेतलं. त्याच्या शेजारी लिंबाची फोड.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला.

पंचफुलानं पदर खोचला.

सुगंधाच्या जिभेला मीठ लागलं.